स्वतःच्याच पेटंटमध्ये अडकलेला माणूस: जॉन ब्राउनिंग आणि लष्करी पिस्तुलाची गोष्ट



बीजीएमआयमध्ये पॅराशूटने उतरलात आणि पहिल्याच घरात पी१९११ हाताला लागलं, की काय वाटतं? माझं तरी तोंड वाकडं व्हायचं. एम४१६ मिळेपर्यंत नाइलाजाने वागवायचं आणि मिळाली की विसरून जायचं. त्याच गेममध्ये एस१८९७ नावाची शॉटगन आहे आणि विन९४ नावाची, जुन्या काउबॉय सिनेमातून उचलून आणल्यासारखी रायफल आहे. या नावांतले आकडे म्हणजे सालं आहेत: १९११, १८९७ आणि १८९४. गंमत म्हणजे ही तिन्ही हत्यारं एकाच माणसाने डिझाइन केलेली आहेत. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

मी सॉफ्टवेअरवाला. बंदुकीशी माझा संबंध एनसीसी कॅम्पमध्ये पोटावर झोपून मारलेल्या पाच गोळ्यांपुरता, आणि त्यातली एकच टार्गेटच्या कागदाला लागली होती. तरी हा माणूस माझ्या डोक्यात बसला, तो वेगळ्या कारणाने. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी बदलली. जुन्या कंपनीत असताना मी एक छोटी लायब्ररी लिहिली होती. फोनला नेटवर्क नसताना डेटा जपून ठेवायचा आणि नेटवर्क आलं की गुपचूप सर्व्हरवर पाठवायचा, एवढंच तिचं काम. बरीचशी रात्री घरी बसून लिहिलेली. पण जॉइन होताना सही केलेल्या कागदावर स्पष्ट होतं, की मी जे काही लिहीन ते कंपनीचं. नव्या ठिकाणी नेमकी तीच गोष्ट हवी होती. ती मला परत लिहावी लागली, आणि तीसुद्धा माझ्या आधीच्या कोडसारखी अजिबात दिसणार नाही अशी. बरोबर उत्तर डोक्यात तयार असताना मुद्दाम दुसरं शोधायचं, हा काय छळ असतो ते मला तेव्हा कळलं. ब्राउनिंगला हेच वयाच्या ६७व्या वर्षी करावं लागलं. तिथपर्यंत तो कसा पोचला, ते आज बघूया.

ऑग्डेनचं दुकान

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटामधल्या ऑग्डेन गावातला. वडील जोनाथन बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. ते मॉर्मन पंथाचे होते. तीन लग्नं आणि २२ मुलं, म्हणजे घर केवढं भरलेलं असेल बघा. जोनाथनने स्वतःसुद्धा एकामागून एक गोळ्या झाडता येतील अशी रायफल बनवली होती. पोराचं शाळेत फारसं शिक्षण झालं नाही. वडिलांच्या दुकानातल्या भंगारातून त्याने दहाव्या वर्षी पहिली बंदूक जुळवली आणि भावाला घेऊन माळावर पक्षी मारायला गेला, असं सांगतात.

या माणसाची काम करायची पद्धत मला फार आवडते. तो कागदावर आराखडे काढत बसत नसे. यंत्र पूर्ण डोक्यात फिरवून बघायचं, मग पत्र्याचे साचे कापायचे, भावांना समजावून सांगायचं आणि थेट पोलादातून भाग बनवायचा. आपल्याकडे एखादा जुना मिस्त्री कसं, मनातच घर बांधून मोकळा होतो, तसं.

१८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. एका वेळी एकच गोळी भरायची, पण साधी आणि मजबूत रायफल. वडील त्याच वर्षी वारले. भावांनी मिळून गावातच छोटा कारखाना टाकला आणि हाताने या रायफली बनवून विकायला लागले. त्यातली एक फिरत फिरत पूर्वेकडच्या विंचेस्टर कंपनीच्या हातात पडली. कंपनीचा मोठा अधिकारी बेनेट १८८३ मध्ये चक्क रेल्वेने ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलर देऊन रायफलचे सगळे हक्क घेऊन गेला. दुकान चालवून दमलेल्या भावांसाठी ती रक्कम प्रचंड होती.

इथून एक सवय पडली. ब्राउनिंगने डिझाइन बनवायचं, विंचेस्टरने एकरकमी पैसे द्यायचे, आणि विषय संपला. विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे काही मिळणार नाही. पुढच्या १९ वर्षांत विंचेस्टरने त्याची चाळीसहून जास्त डिझाइन्स घेतली. त्यातली बहुतेक कधी बाजारात आलीच नाहीत. दुसऱ्या कंपनीला मिळू नयेत म्हणून घेऊन कपाटात ठेवली. मोठ्या कंपन्या छोटं ॲप विकत घेऊन बंद करतात ना, अगदी तेच. फक्त शंभर-सव्वाशे वर्षं आधी.

रिव्हॉल्वरचं नेमकं काय दुखत होतं

आता थोडं टेक्निकल. त्या काळात अधिकाऱ्याच्या किंवा घोडेस्वाराच्या कमरेला रिव्हॉल्वर असायचं. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतल्यावर ते हळूहळू सगळीकडे पसरलं. पाच-सहा घरांचं एक फिरतं चक्र, प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं. यात एक गोष्ट लक्षात घ्या, चक्र फिरवायची सगळी ताकद तुमच्या बोटाची. काडतूस फुटताना जो जोरदार धक्का बसतो तो नुसता मनगटात जिरून वाया जातो. शिवाय सहा गोळ्या संपल्या की रिकाम्या पुंगळ्या काढा, नव्या भरा, आणि हे सगळं समोरचा तुमच्यावर गोळ्या झाडत असताना.

तो वाया जाणारा धक्का कामाला लावायची कल्पना ब्राउनिंगची नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हायरम मॅक्झिमने १८८४ च्या सुमारास त्यावर चालणारी मशीनगन बनवली होती. ब्राउनिंगचं स्वतःचं वळण आलं ते १८८९ मध्ये, एका नेमबाजीच्या सामन्यात. गोळी सुटली की नळीतून निघणाऱ्या वायूने समोरचं गवत आडवं होतंय, हे त्याच्या नजरेत आलं. गवत तर शेकडो लोकांनी पाहिलं असेल. याला वाटलं, एवढी शक्ती फुकट जातेय. त्यावरून त्याने वायूच्या दाबावर चालणारी मशीनगन केली आणि ती कोल्ट कंपनीने १८९५ मॉडेल म्हणून काढली.

पुढचा प्रश्न साहजिक होता: हेच हातात मावेल एवढ्या पिस्तुलात जमेल का? युरोपात बोर्खार्टने १८९३ मध्ये आणि माउझरने १८९६ मध्ये आपोआप भरणारी पिस्तुलं आणली होती. चालायची, पण बोजड होती. बोर्खार्टचं तर मागे एवढं मोठं यंत्र होतं, की खिशात सोडाच, कमरेलासुद्धा नीट बसेना.

ब्राउनिंगने जे केलं ते आज इतकं सवयीचं झालंय की त्यात काही शोध आहे असंच वाटत नाही. सिनेमात हिरो पिस्तुलाचा वरचा भाग खटॅककन मागे ओढून सोडतो, आठवतंय? तो भाग म्हणजे स्लाइड. नळीवर टोपणासारखी बसणारी, मागेपुढे सरकणारी पोलादी खोळ. काडतुसाला मागून अडवून धरणारा ठोकळा त्याने त्या स्लाइडचाच भाग केला. धक्का बसला की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, घोडा मागे दाबते, आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मुठीतल्या मॅगझिनमधलं पुढचं काडतूस ढकलून नळीत बसवते. चार कामं, एकच भाग. २० एप्रिल १८९७ या एकाच दिवशी त्याला पिस्तुलांची चार पेटंटं मिळाली.

यात दोन प्रकार होते. छोट्या, कमी जोराच्या काडतुसासाठी स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढं पुरेसं. मोठ्या काडतुसाला मात्र तसं चालत नाही. गोळी नळीत असतानाच स्लाइड मागे सरकली तर पुंगळी फाटून गरम वायू तोंडावर येईल. म्हणून गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांना बांधून ठेवायला हवीत. ब्राउनिंगने नळीच्या वरच्या अंगाला आडवे उंचवटे ठेवले आणि स्लाइडच्या आत त्यांना बसतील अशा खाचा. सुरुवातीला दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे जातात. तोवर गोळी निघून जाते आणि दाब उतरतो. मग नळीखालची एक छोटी कडी नळीला खाली ओढते, उंचवटे खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी पुढचं काम करायला मागे जाते. पहिल्या मॉडेलांत नळीला पुढे आणि मागे अशा दोन कड्या होत्या. पुढे त्याने पुढची कडी काढूनच टाकली. आता नळी फक्त मागच्या बाजूने खाली झुकायची. कोड कमी करून तेच काम जास्त चांगलं करणारा प्रोग्रॅमर बघितला की मला जे वाटतं, ते मला ही कडी गायब झालेली बघून वाटलं.

पहिल्यांदाच नाही म्हणाला

मोठं पिस्तूल अमेरिकेत कोल्टने घेतलं. छोटं घेतलं बेल्जियममधल्या लिएज शहराजवळच्या एफएन या कारखान्याने. १९०० चं ते ब्राउनिंग पिस्तूल युरोपात एवढं खपलं की फ्रेंच भाषेत पिस्तुलालाच ब्राउनिंग म्हणू लागले. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. बेल्जियमच्या लष्करानेही ते घेतलं. जुन्या रिव्हॉल्वरच्या मानाने ते चपटं होतं, एका मॅगझिनमध्ये सात गोळ्या मावायच्या, आणि मॅगझिन बदलायला काही सेकंद लागायचे.

याच काळात विंचेस्टरशी त्याचं बिनसलं. आपोआप भरणारी शॉटगन घेऊन तो गेला तेव्हा त्याने पहिल्यांदाच सांगितलं, की एकरकमी नको, प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी. बेनेटने नकार दिला. १९ वर्षांचा व्यवहार तिथे संपला. तो रेमिंग्टन कंपनीकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये अध्यक्षांची वाट बघत त्यांच्या ऑफिसबाहेर बसला असतानाच ते अध्यक्ष हृदयविकाराने गेले. तेव्हा शॉटगन घेऊन ब्राउनिंग बोटीने सरळ बेल्जियमला गेला. एफएनने अट मान्य केली. यापुढची त्याची अर्धी कर्मभूमी युरोपच राहिली.

सहा हजार गोळ्या

आता येऊया आपल्या पी१९११ कडे. अमेरिकेने फिलिपिन्स ताब्यात घेतल्यावर तिथल्या मोरो लोकांशी लढताना अमेरिकन सैनिकांची तक्रार आली, की आपल्या .३८ रिव्हॉल्वरची गोळी लागूनही समोरचा थांबत नाही. (कोण कुणाच्या देशात घुसलं होतं, हा प्रश्न त्या तक्रारीत नव्हता.) १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी कत्तलखान्यातल्या जनावरांवर आणि मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. वाचायलाही नकोसा प्रकार. निष्कर्ष निघाला, की गोळीचा व्यास किमान .४५ इंच, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर हवा.

मग स्पर्धा. कोल्टकडून ब्राउनिंगचं पिस्तूल, जर्मनीचं लुगर, सॅव्हेज कंपनीचं एक, शिवाय इतरही. लुगरवाल्यांनी पुढे माघार घेतली. शेवटी कोल्ट आणि सॅव्हेज दोघंच उरले. मार्च १९११ ची ती परीक्षा म्हणजे आजच्या भाषेत लोड टेस्टिंग. प्रत्येकी ६,००० गोळ्या. दर शंभर गोळ्यांनी थोडा वेळ गार होऊ द्यायचं, दर हजाराला साफसफाई. सॅव्हेज ३७ वेळा अडकलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्च १९११ ला लष्कराने ते स्वीकारलं. १९८५ मध्ये त्याच्या जागी बेरेटाचं पिस्तूल निवडलं जाईपर्यंत, म्हणजे ७० वर्षांहून जास्त काळ, ते अमेरिकन सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं. १९२० च्या दशकात काही किरकोळ बदल झाले, बाकी तेच. आपण दोन वर्षांत फोन जुना झाला म्हणतो.

सारायेव्हो

१९१४ च्या सुरुवातीला एफएनमध्ये दहा लाख ब्राउनिंग पिस्तुलांचा सोहळा झाला. बेल्जियमच्या राजाने त्याला सन्मान दिला. त्याच वर्षी २८ जूनला सारायेव्होत गावरिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या मुलाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या. हातात होतं एफएनचं १९१० मॉडेल, ब्राउनिंगचंच डिझाइन. खिशात सहज लपणारं, बाहेर कुठे अडकणारा घोडा नसलेलं. महिन्याभरात महायुद्ध पेटलं, आणि जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं तेव्हा पहिलाच मोठा घाव लिएजवर बसला. एफएनचा कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला.

हे लिहिताना मी थोडा अडखळलो. वर मी कडी काढून टाकल्याचं कौतुक करत होतो. ते कौतुक खोटं नाही. पण जी सफाई इंजिनिअर म्हणून मला सुंदर वाटते, तिचाच उपयोग म्हणजे माणूस मारणं सोपं होणं. खिशात मावतं, अडकत नाही, पोरगंही चालवू शकतं. यातून सुटणारं काही उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा ते तसंच ठेवून पुढे जातो.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तिच्या सैन्याकडे धड मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंगने दोन तयार डिझाइन्स समोर ठेवली. चाचणीत त्याची मशीनगन ४८ मिनिटं सलग चालली. सरकारने हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले आणि त्याने ते घेतले. नेहमीच्या रॉयल्टीने हिशेब केला असता तर एक कोटी डॉलरच्या वर गेला असता. विंचेस्टरला रॉयल्टीसाठी सोडणारा हाच माणूस इथे घासाघीस न करता सही करून मोकळा झाला. देशासाठी म्हणून. त्याचा मुलगा व्हॅल त्या वेळी सैन्यात होता आणि बापाच्या बनावटीची स्वयंचलित रायफल घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर गेला.

आणि मग तो पेच

युद्धानंतर फ्रान्सच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं. मॅगझिनमध्ये जास्त गोळ्या, पल्ला चांगला, वजन आटोक्यात. एफएनने ब्राउनिंगला विचारलं. साल १९२२, वय ६७.

आता अडचण बघा. जोरदार काडतुसाच्या पिस्तुलासाठी जगातली सर्वांत चांगली रचना कोणाची? ब्राउनिंगची. तिचे हक्क कोणाकडे? कोल्टकडे. म्हणजे बेल्जियममधल्या कारखान्यासाठी नवं पिस्तूल बनवताना ब्राउनिंगला ब्राउनिंगची पेटंटं चुकवायची होती. ऑग्डेनला जाऊन त्याने दोन नमुने तयार केले. दिसणारा घोडा काढून आत सरकणारी पिन घातली. नळी खाली ओढणारी कडी काढली आणि त्याऐवजी नळीच्या बुडालाच तिरपी खाच दिली. नळी मागे आली की त्या खाचेमुळे आपोआप झुकते. जून १९२३ मध्ये अर्ज दाखल केला.

माझ्या लायब्ररीचंही असंच झालं. जुनी वाट बंद होती म्हणून जी दुसरी शोधली, ती काही ठिकाणी आधीपेक्षा साधी निघाली. पण हे मला नंतर कळलं. लिहिताना नुसती चिडचिड होती. ब्राउनिंगला काय वाटलं असेल माहीत नाही, तो लिहून ठेवणाऱ्यांतला नव्हता. कडीवाली रचना तोडक्या जागी दुसऱ्यांकडे आहे आणि तिरपी खाच तिच्याहून कमी भागांत बसते, एवढं मात्र नमुन्यात दिसतं.

२६ नोव्हेंबर १९२६ ला, एफएनच्या कारखान्यात मुलाच्या ऑफिसात काम चालू असताना ब्राउनिंगला हृदयविकाराचा झटका आला आणि तो तिथेच गेला. वय ७१. नावावर १२८ पेटंटं. पिस्तुलाचं पेटंट मंजूर झालं ते त्यानंतर तीन महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९२७ ला.

अर्धवट राहिलेलं पिस्तूल एफएनच्या द्यूदोने सेव्हने पूर्ण केलं. दोन रांगांत काडतुसं बसणारं मॅगझिन त्याचंच. १९२८ मध्ये कोल्टकडच्या जुन्या पेटंटांची मुदत संपली आणि सेव्हने १९११ मधल्या ज्या ज्या गोष्टी हव्या होत्या त्या उचलून आत घातल्या. दिसणारा घोडाही परत आला. ब्राउनिंग आणखी दोन वर्षं जगला असता तर स्वतःचंच काम त्याला परत वापरता आलं असतं. १९३५ मध्ये हे पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यात आलं. नाव पडलं हाय-पॉवर, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या. ज्या फ्रान्ससाठी हा सगळा खटाटोप झाला, त्यांनी मात्र दुसरंच पिस्तूल घेतलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर ते एफएनमध्ये हे पिस्तूल आपल्या सैन्यासाठी बनवून घेत होते, आणि त्याच वेळी कॅनडातल्या टोरोंटोत जॉन इंग्लिस कंपनी तेच पिस्तूल दोस्तराष्ट्रांसाठी बनवत होती.

ती तिरपी खाच आणि मागे झुकणारी नळी आज ग्लॉकमध्ये आहे, आणि २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने निवडलेल्या सिग सॉअरच्या पिस्तुलातही आहे. मधली ३०-३२ वर्षं वापरलेल्या बेरेटाची रचना तेवढी वेगळी होती. गेममधलं पी९२ ते हेच.

आणि हे पिस्तूल आपल्याकडेही पोचलं. पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनणारं, भारतीय सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं असलेलं पिस्टल ऑटो ९ एमएम १ए म्हणजे त्या हाय-पॉवरचीच भारतीय आवृत्ती. त्यात बसणारी ९ मिलिमीटरची काडतुसं पुण्याच्या खडकी कारखान्यातही बनली आहेत, पुंगळीच्या बुडाला केएफ अशी अक्षरं असतात. पुढच्या वेळी बंदोबस्तावरच्या एखाद्या साहेबांच्या कमरेला चौकोनी मुठीचं, मागे घोडा दिसणारं पिस्तूल दिसलं, तर ते हे असू शकतं. त्याच्या स्लाइडवर ब्राउनिंगचं नाव नसतं.